खंड्याचे केस

आमच्या घरात काळी पँट घालायची सोय उरलेली नाही. घातलीच तर दारातून बाहेर पडेपर्यंत गुडघ्याखाली तिचा रंग बिस्किटी होतो. ऑफिसात आता कुणी विचारत नाही, पण सुरुवातीला विचारायचे, "काय हो, मांजर पाळलंय का?" मी म्हणायचो, "नाही, कुत्रा. केस न गळणारा कुत्रा." मग समोरचा आधी माझ्याकडे बघायचा आणि नंतर माझ्या पँटकडे.

तर हा केस न गळणारा कुत्रा म्हणजे आमचा खंड्या. जात लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर. वय साडेतीन वर्षं, मुक्काम पोस्ट कोथरूड, तिसरा मजला.

तो आमच्याकडे आला कसा ते आधी सांगतो. लेक तिसरीत असल्यापासून कुत्र्यासाठी मागे लागली होती. अडचण एकच होती, ती म्हणजे माझी आई. आईला दमा आहे. पावसाळ्याच्या तोंडाला आणि दिवाळीच्या आगेमागे तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागते. तेव्हा कुत्रा हा विषय आमच्याकडे निघायचा आणि "आजीला त्रास होईल" या वाक्यावर संपायचा. मग एक दिवस लेक कुठूनसं वाचून आली. "बाबा, असे कुत्रे असतात की ज्यांचे केस गळतच नाहीत. अ‍ॅलर्जीवाल्यांनासुद्धा चालतात." शोधाशोध केली, एक विक्रेता सापडला. त्याने तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, आईबाप दोघेही लॅब्राडूडल आहेत. म्हणजे डबल गॅरंटी!" दोन महिन्यांचं ते पिल्लू आईच्या मांडीवर अर्धा तास ठेवलं. तिच्या गडद हिरव्या लुगड्यावर एक केस नाही! आईला शिंक नाही, खोकला नाही. परीक्षा पास. महिन्याच्या पगाराएवढे पैसे मोजून आम्ही पिल्लू घेऊन आलो.

पहिला केस सापडला तो वरणात. तेव्हा खंड्या नऊ महिन्यांचा होता. बायको म्हणाली, तुझाच असेल. माझा असता तर मला आनंदच झाला असता, पण तो तपकिरी होता.

नंतर कळलं ते असं. पिल्लाच्या अंगावर जे मऊ केस असतात ते बाळकेस. ते फारसे गळत नाहीत, कुठल्याच जातीच्या पिल्लाचे नाहीत. साधारण सहा महिने ते वर्ष या काळात ते जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात, आणि हा कुत्रा केस गाळणार की नाही ते तेव्हा ठरतं. आम्ही परीक्षा घेतली होती ती बाळकेसांची! विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "पाण्यामुळे होतं, शाम्पू बदला." दुसऱ्यांदा केला तर त्याने उचलला नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात आईचा खोकला वाढला. एका रात्री तर तिला बसून काढावी लागली. नाशिकहून दादाचा फोन आला. दादा मोजकं बोलतो. "कुत्रा महत्त्वाचा का आई?" एवढंच म्हणाला. लेक दाराआडून ऐकत होती. त्या रात्री ती जेवली नाही, आणि खंड्याला मिठी मारून हॉलमध्येच झोपली. मला मात्र झोप येईना. आपल्याला फसवलं कुणी, हा प्रश्न डोक्यात फिरत होता. त्या विक्रेत्याने? पण त्यालाही कुणीतरी सांगितलंच असणार. मग हे पहिल्यांदा म्हटलं कुणी? मंडळी, त्या रात्री मी जे वाचायला लागलो ते पुढे दोन महिने वाचत होतो.

गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियात, १९८० च्या दशकाच्या अखेरीस. तिथल्या रॉयल गाइड डॉग असोसिएशन या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ कुत्र्यांच्या पैदाशीचं काम बघत. अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करायचे, हे संस्थेचं काम. त्यांच्याकडे हवाई बेटांवरून एका अंध बाईंचं पत्र आलं. बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याचं वावडं. काही करता येईल का?

कॉनरन यांना वाटलं, सोपं आहे. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, पूडललाच शिकवू. त्यांनी एकामागून एक तेहतीस पूडल तपासले आणि तेहतीसच्या तेहतीस नापास झाले. हुशारी होती, पण या कामाला लागतो तो स्वभाव नव्हता. तेव्हा त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. आणि आता ऐका, कारण माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग हाच आहे. कॉनरन यांनी तिन्ही पिल्लांचे केस आणि लाळ यांचे नमुने हवाईला पाठवले, त्या नवऱ्याला त्रास होतो का ते बघायला. तिघांपैकी दोघांचा त्रास झाला. एकाचा झाला नाही. त्या एकाचं नाव सुलतान. सुलतान शिकला, हवाईला गेला आणि त्या बाईंचा वाटाड्या झाला.

म्हणजे एकाच आईबापाची, एकाच वेळी जन्मलेली तीन भावंडं, त्यातलं एक पास आणि दोन नापास. लॅब्राडूडलच्या इतिहासातली ही पहिलीच चाचणी, आणि तिचा निकाल "या जातीचा त्रास होत नाही" असा नव्हताच. "या एका कुत्र्याचा, या एका माणसाला त्रास होत नाही" इतकाच होता.

मग झालं असं की, उरलेल्या दोन पिल्लांना सांभाळायला घर मिळेना. शुद्ध जातीच्या पिल्लांसाठी लोक महिनोन्‌महिने थांबायचे, पण 'क्रॉस' म्हटल्यावर नको. तेव्हा कॉनरन यांनी एक युक्ती केली. क्रॉस म्हणायचंच नाही. नवीन नाव द्यायचं, लॅब्राडूडल, आणि वर्तमानपत्रांना कळवायचं. झालं! कालपर्यंत नकोशा असलेल्या त्या पिल्लांसाठी संस्थेचे फोन खणखणायला लागले. कुत्रा तोच होता, बदललं होतं फक्त नाव.

पुढची वीस-तीस वर्षं ते नावच विकलं गेलं. २००९ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा आपल्या मुलीला अ‍ॅलर्जी आहे म्हणून कुत्रा शोधत होते, तेव्हा त्यांच्या यादीतही लॅब्राडूडल होता. शेवटी त्यांनी पोर्तुगीज वॉटर डॉग घेतला, पण बातम्या तर जगभर झाल्या. कॉनरन यांनी मात्र स्वतः पुढे अनेकदा हळहळ व्यक्त केली. २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या एबीसीला दिलेल्या मुलाखतीत ही आपल्या आयुष्यातली खंत आहे अशा अर्थाचं ते बोलले. लोकांनी कसलीही तपासणी न करता वाटेल त्या कुत्र्याची पूडलशी जोडी लावली आणि पैसे केले, हे त्यांचं दुखणं होतं.

आता 'डबल गॅरंटी'कडे येऊ. हे कोडं मला कुठल्या पुस्तकाने नाही, शिरूरकडच्या माझ्या मामांनी सोडवून दिलं. त्यांना मी सांगितलं, खंड्याचे आईबाप दोघेही लॅब्राडूडल, तरी असं कसं? मामा हसायलाच लागले. "अरे, हायब्रीडचं बी घरी राखून परत पेरलंस होय?"

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट साठ वर्षांपासून माहीत आहे. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं पहिलं वाण आलं. पीक भरघोस यायचं, पण ते बी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं की एक ताट उंच, एक बुटकं, एक कणीस भरलेलं, एक फुसकं. पहिल्या संकरात सगळी ताटं सारखी दिसतात, दुसऱ्या पिढीत पत्ते परत पिसले जातात. मेंडेल नावाच्या पाद्र्याने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ सालीच हे लिहून ठेवलं होतं.

कुत्र्याच्या केसांचंही हेच. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. ऐंशी जातींचे हजाराहून जास्त कुत्रे तपासले आणि निष्कर्ष असा निघाला की कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक प्रकार फक्त तीन जनुकांच्या उलटसुलट जोड्यांतून होतात. एक केसांची लांबी ठरवतो, एक कुरळेपणा, आणि एक दाढी-मिशा-भुवया. यातला तिसरा आपल्या कामाचा. ज्या कुत्र्यांना दाढीमिशा असतात त्यांचे केस सहसा कमी गळतात. पूडलकडे हा दाढीमिशांचा जनुक दोन्हीकडून असतो, लॅब्राडोरकडे एकाही बाजूने नसतो. पहिल्या संकराच्या प्रत्येक पिल्लाला तो एका बाजूने मिळतो. पण अशा दोन संकरित कुत्र्यांची जोडी लावली, तर चारांतल्या साधारण एका पिल्लाला तो मिळतच नाही. असं पिल्लू मोठं झालं की तोंड लॅब्राडोरसारखं गुळगुळीत आणि केसही लॅब्राडोरसारखेच गळणारे. (केस गळण्यात आणखीही एका जनुकाचा हात असल्याचं नंतर २०१६ मध्ये दिसलं, म्हणजे हिशेब आणखी गुंतागुंतीचा.)

मी उठून खंड्याकडे नीट पाहिलं. साडेतीन वर्षांचा बाप्या, आणि मिशीचा पत्ता नाही!

इथे मला उरुळी कांचन आठवलं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली तिथे बायफ ही संस्था सुरू केली आणि देशी गायींचा जर्सी-होल्स्टिनशी संकर करण्याचं मोठं काम उभं केलं. त्या कामाबद्दल मतभेद आहेत, पण एक गोष्ट मानावी लागते. संकरित गायीने दिलेलं वचन रोज दोन वेळा डेअरीच्या मापात मोजलं जातं. दूध कमी निघालं की त्याच दिवशी कळतं. संकरित कुत्र्याच्या वचनाला मात्र मापच नाही. कॉनरन यांनी मोजलं होतं, केस आणि लाळ समुद्रापार पाठवून. त्यांच्यानंतर विकणाऱ्याने मोजलं नाही, आणि खरं सांगायचं तर घेणाऱ्याने, म्हणजे मीही, अर्धा तास लुगड्यावर बसवून मोजलं.

असो. केसांचा उलगडा झाला, पण आईच्या खोकल्याचा व्हायचाच होता.

मराठीत 'वावडं' हा शब्द फार जुना आणि फार नेमका आहे. अमक्याला वांग्याचं वावडं, तमक्याला भुईमुगाचं. दोष वांग्यात नाही, त्या माणसाच्या आणि वांग्याच्या नात्यात आहे. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द त्यामानाने कालचा. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी तो १९०६ साली तयार केला.

कुत्र्याच्या बाबतीत गंमत अशी की वावडं केसांचं नसतंच. ते असतं कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असलेल्या काही प्रथिनांचं. त्यातल्या मुख्य प्रथिनाला 'कॅन एफ १' म्हणतात. केस हे त्याचं फक्त वाहन. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे कण हवेत जातात. त्यामुळे एकही केस न गाळणारा कुत्रासुद्धा घरभर हे प्रथिन पसरवू शकतो. मग 'अ‍ॅलर्जीमुक्त' जातींचं काय? २०११ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी १७३ घरांतली धूळ तपासली. तथाकथित निर्धोक जातींच्या घरांत आणि इतरांच्या घरांत फरक सापडला नाही. २०१२ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी तर आणखी खोलात जाऊन थेट कुत्र्यांचे केस तपासले. लॅब्राडूडल, पूडल वगैरे निर्धोक समजल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत हे प्रथिन कमी नाही, उलट जास्तच निघालं. जमिनीवरच्या धुळीत लॅब्राडूडलच्या घरी ते काहीसं कमी होतं, पण हवेत फरक नाही. आणि जातीजातींतल्या फरकापेक्षा एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांमधला फरक मोठा निघाला. सुलतानच्या दोन भावंडांनी हे आधीच सांगितलं होतं.

हे वाचून माझा धीर सुटला, खोटं कशाला बोलू. म्हणजे दादा म्हणतो तेच खरं. तरी बायको म्हणाली, आधी आईंची तपासणी तर करू, कुत्र्यावर खटला चालवायचा तर साक्षीपुरावा नको?

डॉक्टरांनी आईच्या हातावर ओळीने थेंब ठेवून टोचण्या दिल्या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबले. सगळ्यात मोठी गांधी उठली ती घरातल्या धुळीतल्या माइट नावाच्या किड्यांची. तिच्या खालोखाल गाजर गवताची. कुत्र्याचीही उठली, पण त्या दोघांपेक्षा लहान. डॉक्टर म्हणाले, "कुत्रा निर्दोष नाही. पण एकटा आरोपीही नाही."

गाजर गवत! हा तर पुण्याचाच पाहुणा. १९५० च्या दशकात हे गवत पुण्यात दिसल्याची नोंद झाली आणि मग ते देशभर फोफावलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सर्वसाधारणपणे सांगतात, म्हणून 'काँग्रेस गवत' हे दुसरं नाव. त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगावर पुण्याच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकातच लिहिलं होतं. आमच्या सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर ते पुरुषभर उंच माजलं होतं, आणि खंड्याला रोज सकाळी आम्ही तिथूनच फिरवून आणत होतो. म्हणजे गाजर गवताचे परागही त्याच्याच केसांवर बसून घरी येत होते.

आणखी एक गोष्ट तपासणीत बाहेर आली. आईला रोज घ्यायचा इनहेलर दिलेला होता. तो ती रोज घेतच नव्हती. "सवय लागते म्हणे," म्हणून त्रास झाला तरच घ्यायची. डॉक्टर तिला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आजी, चष्म्याची सवय लागली म्हणून कुणी चष्मा सोडतं का?"

तरीही निर्णय व्हायचाच होता. दादा दिवाळीला येणार होता. मी आईसमोर विषय काढला. मी म्हटलं, "आई, सासवडजवळ ओळखीच्यांचं शेत आहे. तिथे खंड्या मजेत राहील. लेकीची मी समजूत घालीन." आई काही बोलली नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर तिने मोत्याची गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांत मी ती कधी ऐकली नव्हती.

पण त्याआधी थोडं कुत्र्याच्या जागेबद्दल बोलायला हवं. आपल्याकडे कुत्र्याला मान आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत. जेजुरीला खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रेच म्हणवतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला असं सांगतात. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात, शाहू महाराजांनी या कुत्र्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवल्याची हकीकत दिली आहे. आमच्या खंड्याचं नाव लेकीने त्याच्यावरूनच ठेवलं.

पण हा सगळा मान पायाशी, अंगणात, दारात, फार तर पालखीत. घरात नाही. वाड्यातला कुत्रा चौकात किंवा दिंडी दरवाज्याशी असायचा. त्याचे केस गळत नव्हते असं थोडंच आहे? पण ते मातीत गळायचे, वाऱ्याने जायचे, सकाळच्या सड्यात वाहून जायचे. कुणाला दिसतच नव्हते. मग वाडे गेले, फ्लॅट आले, अंगण गेलं, आणि कुत्रा एक तर रस्त्यावर राहिला किंवा सोफ्यावर आला. आमच्या लहानपणी पुण्यात घरोघरी पांढरा 'पामेरियन' होता, आणि १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीने तर कहर केला. त्याचे पांढरे केस सतरंजीवर दिसायचे म्हणून लोक लॅब्राडोरकडे वळले, आखूड केस म्हणजे कमी गळणार या हिशेबाने. लॅब्राडोर हा थंड पाण्यात पोहणारा दुहेरी केसांचा कुत्रा, त्याने दुप्पट गाळले. २००३ साली हचची जाहिरात आली आणि सगळ्यांना पग हवा झाला. हाताएवढा कुत्रा, तोही घरभर केस करतो. मग आले डूडल. म्हणजे तीस-चाळीस वर्षं आपण कुत्राच बदलत राहिलो, घर बदललंय हे काही लक्षात घेतलं नाही.

जगात उलटंही घडलं आहे. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सेलिश लोकांनी खास केसांसाठी कुत्रे पाळले होते. मेंढरासारखे ते भादरायचे आणि त्या लोकरीची कांबळी विणायचे. इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून त्यांना वेगळं, काही ठिकाणी बेटांवर ठेवायचे. १८५९ साली मेलेल्या अशा एका कुत्र्याचं कातडं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि त्यावरचा जनुकीय अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ती जात आता उरलेली नाही. आमच्याकडे दर रविवारी जमणारा केसांचा गोळा बघून मला धनगरांच्या घोंगडीची आठवण येते, आणि त्या कुत्र्यांचीही.

तर मोत्या. आईचं माहेर नदीकाठच्या पेठेत, वाड्यात. मोत्या हा वाड्याचा कुत्रा, गावठी, चौकात बांधलेला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि पाणी पेठांत शिरलं. आई दहा वर्षांची होती. सगळे हातात येईल ते घेऊन पळाले. आजोबांनी जाता जाता मोत्याची साखळी सोडली. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर वाड्यापाशी गेले तर अर्धा वाडा बसलेला, आणि चिखलाने माखलेला मोत्या दिंडी दरवाज्याच्या जागी बसलेला. पुढे नातेवाइकांकडे दोन खोल्यांत सात माणसं राहायला गेली. अंगण नव्हतं. घरमालक म्हणाले, केस पडतात, घाण होते, कुत्रा चालणार नाही. पर्वतीकडच्या एका गवळ्याला मोत्या देऊन टाकला. तो परत आला. पुन्हा नेऊन सोडला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा नेऊन सोडल्यावर आला नाही.

"तेव्हा कुणी मला विचारलं नव्हतं," आई म्हणाली. "आता विचारतोयस ना? मग ऐक. तो कुठे जाणार नाही. मी इनहेलर रोज घेईन. बास."

दादा दिवाळीला आला, गोष्ट ऐकली, आणि फराळाच्या ताटातली अर्धी चकली त्याने खंड्याला दिली. (कुत्र्याला चकली देऊ नये. पण त्या दिवशी मी काही बोललो नाही.)

तेव्हापासून घरात काही नियम आहेत. आईच्या खोलीत खंड्याला बंदी, तिच्या गादी-उशीला माइट अडवणारे अभ्रे, चादरी आठवड्याला गरम पाण्यात. केर काढायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं किंवा चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम लावायचा. खंड्याला आठवड्यातून दोनदा अंघोळ, कारण धुतल्याने ते प्रथिन कमी होतं पण दोन-चार दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं होतं. रोज गॅलरीत, दार लावून, मुळापर्यंत विंचरणं. डूडलच्या लहरी केसांत गळलेले केस अडकून राहतात, आणि पावसाळ्यात दोन दिवस चुकलं तरी काखेत नि कानामागे जटा होतात. फिरायचा रस्ता बदलला. मागच्या प्लॉटवरचं गाजर गवत फुलोऱ्यावर येण्याआधी सोसायटीतर्फे उपटून घेतो. आणि डॉक्टरांना दर तीन महिन्यांनी दाखवतो. त्रास वाढला तर पुन्हा विचार करायचा, हे आईकडून कबूल करून घेतलं आहे. आईची छाती पूर्ण साफ नाही, पण बसून काढावी लागलेली रात्र त्यानंतर आलेली नाही.

केस मात्र आहेतच. फाल्गुन-चैत्रात आणि पावसाळा संपताना जास्त, एरवी बेताचे. मी विंचरत असतो तेव्हा आई काचेच्या दाराआड खुर्ची टाकून बसते आणि आतून सूचना देते. "पोटाखालचं राहिलं. शेपटीचं कर." परवा म्हणाली, "मोत्याला कधी विंचरलंच नाही रे आम्ही."

खंड्या आत्ता पायाशी येऊन उभा आहे, तोंडात पट्टा घेऊन. फिरायची वेळ झाली. काळी पँट बदलून येतो.